मदत हवी आहे: हळदीत रंगवलेली मॅटी साबणाने लाल झाली, वर चार महिन्यांचं भरतकाम आहे

मॅटी_चौकडी (सांगली)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

दोन-तीन वर्षांपासून मला क्रॉस स्टिचचा नाद लागलाय. दुपारची जेवणं आटोपली की खिडकीत बसायचं आणि फुल्या घालायच्या. शाळेत शिवणाच्या तासाला रुमालावर एक बदक भरलं होतं, तेवढीच पूर्वपुण्याई. पण आता आलेखाच्या कागदावर स्वतः नमुना काढण्यापर्यंत मजल गेलीय. यंदा ठरवलं, कृष्णेवरचा आयर्विन पूल भरायचा. १९२९ चा पूल, सांगलीकराला त्याचं काय सांगायचं! पावसाळ्यात आमचे निम्मे फोन 'आयर्विनला किती फूट?' एवढ्याचसाठी असतात. इंचाला १४ चौकड्यांची पांढरी मॅटी, म्हणजे फुल्या घालायचं चौकड्यांच्या विणीचं सुती कापड घेतलं. १४० फुल्या लांब, ८४ उंच, म्हणजे चित्र १० बाय ६ इंच. कमानी, पाणी आणि एक छोटी लाल होडी भरायची, आकाश मात्र न भरता कापडच सोडायचं. सगळं आकाश फुल्यांनी भरायचं म्हटलं तर मुलीचं लग्न आधी झालं असतं. (मुलगी आठवीत आहे.)

पण पांढरंफटक आकाश डोळ्यांना बरं दिसेना, म्हणून कापडच आधी रंगवून घेऊ म्हटलं. गाव हळदीचं, घरात राजापुरी हळदीचा डबा भरलेला. पातेल्यात पाणी, पाच-सहा चमचे हळद, मूठभर मीठ, तासभर मंद आचेवर ठेवलं आणि सावलीत वाळवलं. रंग असा झकास आला की मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग ऑगस्टपासून चार महिने भरत बसले.

परवा काम संपलं. हाताचा मळ आणि कापड ताणून धरायच्या रिंगचे वळ दिसत होते, म्हणून नेहमीच्या धुण्याच्या पावडरीत दहा मिनिटं भिजवलं. बादलीत बघते तर आकाश लाल! तेही एकसारखं नाही, मध्ये विटकरी, कडेला नारिंगी, जणू कुणी कुंकवाचा करंडा पालथा घातलाय. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे साड्यांवर शंभरदा पाहिलंय, तरी त्या दिवशी अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे. सासूबाई म्हणाल्या, "सकाळचा पूल संध्याकाळचा झाला, एवढंच." त्यांना हसू येतंय, मला रडू.

हे परत पिवळं होईल का? भरलेल्या दोऱ्यांना काही होईल का? दोरे अँकर कंपनीचे आहेत. आणि अजून एक, खिडकीकडची बाजू धुण्याआधीच फिकी पडली होती. म्हणजे पिवळं झालं तरी टिकणार नाही, असंच ना?

कृष्णाकाठ

ताई, लई टेन्शन घेऊ नका. लिंबू पिळा की त्यावर. आमच्याकडं हळदीकुंकवाच्या ताटात लिंबू सांडलं तर लाल बोटं पिवळी होतात. कुंकू असंच तर करतात, हळदीला चुना लावून. तुम्ही नकळत कारखाना टाकला म्हणायचा.

आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते जेवणासाठी, आकाशासाठी नव्हे.

घरगुती_टिप्स

गरम पाण्यात मीठ आणि व्हिनेगर घालून अर्धा तास उकळा. रंग पक्का होतो. मी सगळ्या नव्या कपड्यांना करते.

हिरडा_बेहडा (सातारा)

चौकडीताई, थांबा. उकळू नका! आधी घरगुती टिप्सताईंचं बोलून घेते, राग मानू नका. व्हिनेगर लागतं ते लोकर-रेशमाच्या रंगांना. सुती कापडावर त्याने रंग पक्का होत नाही, मिठानेही नाही. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलतं, धरून ठेवत नाही. आणि उकळत्या पाण्यात ती लाल होडी सुटली तर तिचा ओघळ कृष्णेत उतरेल, तो मग कशानेही निघायचा नाही.

मी साताऱ्याला घरीच ओढण्या, उशांचे अभ्रे रंगवते, भरतकामही करते, त्यामुळे हा घोळ मी स्वतः घालून बसलेली आहे. हळदीतलं कर्क्युमिन आंबटात पिवळं राहतं आणि क्षारात लाल होतं. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, तो क्षार. म्हणजे तुमचा रंग बिघडला नाही, त्याने नुसती कूस बदललीय. एका मोठ्या भांड्यात साधं थंड पाणी घ्या, त्यात अर्धं लिंबू गाळून पिळा. बिया-गर नको, मॅटीच्या भोकांत अडकतो. आधी एक कोपरा बुडवून बघा. पिवळा झाला की सगळं कापड पाच मिनिटं घालून साध्या पाण्यातून तीन-चारदा काढा. लिंबू कापडात ठेवायचं नाही. पिळायचं तर मुळीच नाही, पंचात गुंडाळून दाबायचं. लाली पूर्ण उतरेपर्यंत इस्त्री लांब ठेवा.

हे झालं आजचं. पण तुमची शेवटची शंका खरी आहे. हळद सुती कापडाला पटकन धरते, तिला रंग धरून ठेवणारी तुरटीसुद्धा लागत नाही, म्हणून नवशिक्यांना फार आवडते. आणि उन्हात तितक्याच पटकन सोडून जाते. भिंतीवर फ्रेम लावलीत तर वर्षभरात आकाश पांढुरकं होईल, तेही डागाडागांचं. तुरटी घातली असती तर थोडं अधिक टिकलं असतं, पण थोडंच.

मी तुमच्या जागी असते तर उलटा विचार केला असता. नाहीतरी जाणारच आहे, तर मीच घालवते. मुलांच्या पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग आपण काय करतो? साबण लावून उन्हात टाकतो. तेच करायचं, फक्त साबण सौम्य घ्यायचा.

मॅटी_चौकडी

हिरडाताई, पाया पडते! कोपरा लिंबाच्या पाण्यात घातला आणि डोळ्यांदेखत लालाचा पिवळा झाला. मुलगी शेजारीच उभी होती. तिने तेवढ्यात चिंधी आणली, ती साबणात लाल, लिंबात पिवळी, परत साबणात लाल, असं पाऊण तास चाललं. घरातली लिंबं संपली, विज्ञानाचा प्रकल्प मात्र ठरला.

कापड आता पुष्कळसं पिवळं आहे, पण पट्टे दिसतातच. रिंग लावायचे तिथे गोल वळ गडद आहे. हे असं का? आणि उन्हात टाकायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतो. दोऱ्यांचा रंगही उडेल ना?

हिरडा_बेहडा (सातारा)

पट्टे खळीचे असणार. दुकानातून आणलेल्या मॅटीला खळ भरपूर असते, म्हणून तर ती अशी ताठ असते. तुम्ही खळ काढली होतीत का? तुमच्या लिहिण्यात ते कुठे दिसलं नाही. जिथे खळ तिथे रंग वरवर बसतो, जिथे गेली तिथे आत शिरतो. रंगवण्याआधी कापड रात्रभर पाण्यात, सकाळी साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास, मग भरपूर खळबळवायचं. पाण्याचा थेंब टाकला आणि तो लगेच शोषला गेला की कापड तयार. मग ते लुळं पडतं आणि फुल्या घालताना चौकडी सरकते अशी तक्रार असते. त्याला उपाय घरातच, रंगवून झाल्यावर साबुदाण्याच्या पातळ कांजीतून काढा आणि ओलसर असताना उलटीकडून इस्त्री करा.

आता ऊन. चांगल्या भरतदोऱ्यांचा रंग उन्हात पडतो, पण त्याला फार काळ लागतो. हळद त्यांच्या कितीतरी आधी जाते, आपण त्या मधल्या अवकाशात काम उरकायचं. कापड साध्या पाण्यात ओलं करा, पालथं, म्हणजे भरतकामाची उलट बाजू सूर्याकडे करून पांढऱ्या पंचावर पसरा. दोन-तीन तास झाले की आत आणा, बघा, सौम्य साबणाने हलकं धुवा. लाल होईल, घाबरू नका, उरलेली हळद कुठे आहे ते तेवढंच कळतं. साबण काढा, दुसऱ्या दिवशी परत. सुलटी बाजू अगदी शेवटी अर्धा तास. उरलेल्या दोऱ्यांच्या लडीतून एक-एक बोटभर तुकडा त्याच पंचावर ठेवा आणि एक-एक डब्यात. रोज जुळवून बघायचं, फरक दिसला की तिथेच थांबायचं.

माझ्या अनुभवात अगदी शुभ्र होत नाही, सायीचा रंग राहतो. तो जुन्या चित्राला शोभतोही.

रंगारी_निवृत्त (इचलकरंजी)

कापड रंगवायच्या प्रोसेसमध्ये आयुष्य गेलं म्हणून दोन ओळी. चित्र दोन पिढ्या टिकवायचं असेल तर फुलांपानांच्या नादी न लागता कोल्ड ब्रँडचे, म्हणजे न तापवलेल्या पाण्यात बसणारे रिॲक्टिव्ह रंग वापरा. ते सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, नुसते चिकटून बसत नाहीत, म्हणून धुण्याला दाद देत नाहीत. १०० ग्रॅम कापडाला फिक्या छटेसाठी अर्धा ते एक ग्रॅम रंग, दोन लिटर साधं पाणी, ६० ग्रॅम मीठ. अर्धा तास हलवत राहायचं. मग २० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळा विरघळवून, कापड बाजूला घेऊन ओतायचा, अजून एक तास. हलवणं थांबलं की डाग आलाच. नंतर थंड पाणी, मग उकळतं साबणाचं पाणी, धुवण स्वच्छ येईपर्यंत. खायचा सोडा चालत नाही. रंगाची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, हातमोजे घाला, आणि भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

हा सोडाही क्षारच. हळदीच्या कापडावर हा प्रयोग केलात तर काय होईल ते आता तुम्हीच सांगाल.

कृष्णाकाठ

काका, तुम्ही केमिकलवाले, हिरडाताई फुलंपानंवाल्या. आता धागा शंभरी गाठणार.

हिरडा_बेहडा (सातारा)

नाही गाठणार, काकांचं बरोबर आहे. बाळाच्या दुपट्याला, रोज धुण्याच्या टेबलक्लॉथला मीही तेच रंग वापरते. पण पुलामागचं आकाश एकदाच रंगतं आणि फ्रेममध्ये बसतं, तिथे झेंडू चालतो.

चौकडीताई, पुढच्या वेळी हळद सोडा, दसऱ्याच्या माळा टाकू नका. पाकळ्या वाळवून डब्यात भरा. खळ काढलेल्या कापडाला आधी हिरडा द्यायचा, कारण सुती धागा तुरटीला नीट धरत नाही, मध्ये तुरट काहीतरी लागतं. कापडाच्या वजनाच्या पाचव्या भागाइतका हिरडा कुटून रात्रभर भिजवायचा, गाळून त्या पाण्यात कापड, न धुता सावलीत वाळवायचं. मग गरम पाण्यात तितकीच तुरटी, त्यात कापड दोन तास. शेवटी कापडाच्या वजनाइतक्या वाळक्या पाकळ्या उकळून गाळलेलं पाणी, त्यात कापड तासभर मंद आचेवर. स्टीलचंच पातेलं. लोखंडी कढईत केलंत तर पिवळ्याचा शेवाळी होईल. डाळिंबाची सालंही छान पिवळी देतात, आटपाडीकडे कुणी ओळखीचं असेल तर पोतंभर मिळतील. धुताना रिठ्याचं पाणी, पावडर नको.

पहिला प्रयोग चिंधीवर. तिचा अर्धा भाग पुस्तकात, अर्धा खिडकीच्या काचेला चिकटवून महिनाभर ठेवा. मगच पुढचे चार महिने खर्च करा.

मॅटी_चौकडी

मंडळी, कळवायला आले. चार दिवस उन्हात टाकलं. पहिल्या दिवशी गच्चीवर कापडाशेजारी मी स्वतः छत्री घेऊन बसले होते, कावळ्यांची भीती. दुसऱ्या दिवशी धीर आला. प्रत्येक वेळी साबणात लाली कमी-कमी होत गेली, शेवटच्या धुण्याला फक्त रिंगच्या वळापाशी गुलाबी छटा. आकाश आता ताकाच्या रंगाचं झालंय. दोऱ्यांचे तुकडे जुळवले, करड्या आणि तपकिरी रंगांत फरक नाही. होडीचा लाल किंचित मवाळ वाटतो, पण ह्यांना दिसत नाही आणि सासूबाई म्हणतात होडी जुनीच असते. डावीकडचा वळ राहिलाय, तो फ्रेमच्या माउंटखाली जाईल इतका कडेला आहे.

ग्रुपवर फोटो टाकला तर नणंदेने विचारलं, पाणी तपकिरी का भरलंस? म्हटलं, ऑगस्टमधलं आहे.

रंगारीकाका, तुमचं माप वहीत उतरवून घेतलंय, टेबलक्लॉथला वापरीन. हिरडाताई, एकच सांगा, हिरडा सांगलीत कुठे मागायचा? किराणा दुकानदाराने चूर्णाची बाटली पुढे केली.

हिरडा_बेहडा (सातारा)

काष्ठौषधीच्या दुकानात. अख्खा मागा आणि घरी कुटा, चूर्ण गाळताना जीव जातो. बाळहिरडा नको, मोठा पिवळसर घ्या. पाव किलोत तुमची दोन-तीन वर्षं निघतील.