ऑनलाइन स्वस्तात मिळणारी रोड बाइक घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. तीन वर्षं साधी गिअरची सायकल चालवतोय. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी आणि रविवारी पन्हाळा. वाघबीळच्या पुढं चढ लागला की जड सायकल अक्षरशः ओढत न्यावी लागते, म्हणून आता रोड बाइक (पातळ टायरची, हलकी सायकल) घ्यायची आहे. बजेट २५ हजार, त्यावर खरंच जमणार नाही.

एका ऑनलाइन दुकानात सवलतीत २२ हजाराला अॅल्युमिनियम फ्रेमची बाइक दिसतेय. गिअर शिमानो कंपनीचे टूर्नी, पुढं २ चक्र्या, मागं ७. फोटो बघून मागं कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा चक्र्यांचा संच) नसून फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा जुन्या पद्धतीचा संच) वाटतंय. म्हणजे नंतर शिमानोचंच वरच्या दर्जाचं, मागं ८ चक्र्यांचं क्लॅरिस बसवायचं म्हटलं तर मागचं चाकही बदलावं लागेल ना? मग स्वस्त कसली? मागची मोठी चक्री २८ दातांची आहे. पुढची लहान चक्री ३४ दातांची असताना तेवढ्यावर पन्हाळा चढेल का?

सगळ्यात मोठी काळजी मापाची. उंची ५ फूट ६ इंच, दुकानवाले ५२ सेंमीची फ्रेम सांगतात. बसून न बघता घ्यायला मन धजत नाही. शिवाय बाइक खोक्यात अर्धवट जोडलेली येते. हँडल, पेडल मी बसवीन, पण गिअरचं ट्युनिंग आणि चाकाची आऊट (वाकडेपणा) काढणारा चांगला मिस्त्री शाहूपुरी-राजारामपुरीकडं कुणाला माहीत आहे का? बाहेरून आणलेली सायकल दुकानदार हातात घेतात का?

की याच पैशात चांगली जुनी बघू? ज्यांनी अशी मागवली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.