ओपीजी हाताशी असताना लॅटरल सेफ कशासाठी?

प्रश्न (पालक):
माझ्या १२ वर्षांच्या मुलीचे वरचे दात पुढे आले आहेत. तारा लावण्याआधी डॉक्टरांनी दोन्ही जबड्यांची मापे (प्लास्टरच्या मॉडेलसाठी घेतलेले दातांचे ठसे), फोटो आणि लॅटरल सेफ हा बाजूचा एक्स-रे सांगितला आहे. चार महिन्यांपूर्वी किडलेल्या दाढेसाठी काढलेला ओपीजी (दोन्ही जबड्यांतील सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे) आमच्याकडे आहे. तरीही पुन्हा किरण द्यावे लागतील का? वरच्या दोन उपदाढा काढाव्या लागतील असे कानावर आल्याने धास्तीही बसली आहे.

उत्तर १ (ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर):
चार महिन्यांपूर्वीचा ओपीजी स्पष्ट असेल तर बहुधा तोच चालेल, म्हणून तो आधी दाखवा. सुळा हाडात अडकला आहे का, एखादा दात मुळातच नाही का, हे त्यावरून कळते. मात्र वरचा जबडा पुढे आहे की खालचा मागे राहिला आहे, हे त्यावर मोजता येत नाही. त्यासाठी डोके ठराविक स्थितीत स्थिर धरून बाजूने घेतलेली फिल्म लागते. ही पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी स्वतंत्रपणे मांडली. स्टायनर या ऑर्थोडोंटिस्टच्या मापनपद्धतीत दोन्ही जबड्यांतील फरक दाखवणारा एएनबी कोन सरासरी २ अंश धरतात. समजा, मुलीचा कोन ६ अंश आला आणि दोष खालच्या जबड्याचा निघाला, तर वाढ शिल्लक असेपर्यंत त्या जबड्याला पुढे आणणारे उपकरण देऊन पाहता येते आणि उपदाढांचा निर्णय लांबणीवर टाकता येतो. वाढ किती उरली आहे याचा अंदाजही त्याच फिल्ममधील मानेच्या मणक्यांच्या आकारावरून येतो. किरणांची मात्रा साधारणतः १० मायक्रोसिव्हर्टपेक्षा कमी असते, म्हणजे निसर्गातून एक-दोन दिवसांत मिळते तेवढीच. एवढ्या माहितीसाठी ती मला योग्य वाटते. त्रिमितीय स्कॅन मात्र सरसकट करू नये.

उत्तर २ (पालक):
मापांना कमी लेखू नका. मुलाचे उपचार अर्ध्यावर असताना आम्ही गाव बदलले आणि आधीच्या दवाखान्याने सुरुवातीची प्लास्टरची मॉडेल जपलेलीच नव्हती, त्यामुळे दात कुठून कुठे सरकले हे नव्या डॉक्टरांना सांगता येईना. मॉडेल हातात घेऊन मागच्या बाजूने पाहिले, की खालचे दात टाळूला कुठे टेकतात तेही दिसते. फिल्म आणि फोटोंच्या प्रती पहिल्याच दिवशी मागून घ्या.

प्रश्नकर्ते पालक:
दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी जुना ओपीजी घेऊन जाते. लॅटरल सेफ काढल्यावर दोष कोणत्या जबड्याचा आहे हे विचारल्याशिवाय उपदाढा काढण्यास संमती देणार नाही.