नांदणे म्हणजे नुसतं राहणं नव्हे

कुणीतरी 'नांदणे म्हणजे एकत्र राहणे, बस्स' असं लिहिलंय. ते अर्धंच झालं. मूळ संस्कृत 'नन्द्', म्हणजे आनंदणे. म्हणून घरात लक्ष्मी नांदते, भाडेकरू मात्र नुसता राहतो.

गंमत व्याकरणात आहे. मंगलाष्टकांत 'नांदा सौख्यभरे' दोघांनाही असतं. अक्षता पडल्या की मात्र ती नांदते आणि तो नांदवतो. शेजारची मुलगी माहेरी जरा जास्त दिवस राहिली की आजी दार लोटून आईला हळूच विचारायची, "नांदवत नाही का गं तिला?" 'मुलगा नीट नांदतोय ना' असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही (घरजावई सोडा!).

बालपणी लग्न लागूनही सासरी न गेलेल्या, पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंवर १८८४ साली नवऱ्याने दावा लावला तो याचसाठी. नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा १८८७ चा निकाल. बाईंनी कैदेची तयारी दाखवली.

राहता राहिला लिव्ह-इनला, म्हणजे लग्नाविना एकत्र राहण्याला, मराठी शब्द. 'सहजीवन' भाषणातलं वाटतं, 'सहवास' कोर्टाच्या कागदातला. 'दोघं मजेत नांदताहेत' म्हणायला माझी काहीच हरकत नाही.