मदत हवी आहे: बेसॉल्टखालचे वेग-मॉडेल जुळत नाही

प्रश्नकर्ता (नागपूर): काटोलकडील एका सिस्मिक रेषेचे (जमिनीत लहरी सोडून नोंदी घेतलेल्या रेषेचे) वेग-मॉडेल, म्हणजे कोणत्या खोलीवर लहरींचा वेग किती याचा आराखडा, मी फर्स्ट ब्रेक टोमोग्राफीने (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या लहरींच्या वेळांवरून) तयार केले आहे. बेसॉल्टमधील वेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर येतो आणि तो पटण्यासारखा आहे. परंतु त्याखालच्या गोंडवाना वालुकाश्माचे परावर्तक (लहर परतवणारे थर) मायग्रेशननंतरच्या (परावर्तने योग्य जागी बसवल्यानंतरच्या) गॅदरमध्ये, म्हणजे एकाच जागेच्या नोंदींच्या संचात, दूरच्या ऑफसेटकडे (लहरीचा स्रोत आणि ती टिपणारे यंत्र यांतील अंतर) खाली झुकतात. अहवाल याच आठवड्यात द्यायचा आहे, तरी कृपया लवकर सुचवावे.

भूलहरी: सर्वांत लांबचा ऑफसेट किती, जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारी यंत्रे) किती हर्ट्झचे आणि जवळ बोअरहोल आहे का? एवढे कळल्याशिवाय सांगणे कठीण आहे.

कन्हानकाठ: सरळ एफडब्ल्यूआय (नोंदलेल्या पूर्ण लहरीशी जुळेपर्यंत मॉडेल सुधारत नेण्याची पद्धत) चालवा. टोमोग्राफीचे गुळगुळीत मॉडेल अशा ठिकाणी पुरे पडत नाही.

भूलहरी: घाई करू नका. सुरुवातीच्या मॉडेलवरून काढलेली लहर प्रत्यक्ष लहरीपासून अर्ध्या आवर्तनाहून अधिक सरकलेली असेल, तर एफडब्ल्यूआय चुकीच्या आवर्तनाशी जुळवून घेते. १५ हर्ट्झला ही मर्यादा जेमतेम ३३ मिलिसेकंद आहे.

सावनेरकर: आधी काळ्या मातीचे स्टॅटिक्स (वरच्या मंद थरात लहरीला होणाऱ्या उशिराची दुरुस्ती) तपासा. सेकंदाला ३०० मीटर वेगाच्या ३ मीटर मातीत १० मिलिसेकंद जातात. शिवाय उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत जिओफोनचा खिळा हलतो. आम्ही भेग टाळून, वरचा भुसभुशीत थर खरवडून खिळा रोवत असू.

शेतकरीमित्र: आमच्या शेतात बोअरवेलसाठी विद्युतरोधकता सर्वेक्षण केले, तेव्हा पाणी सच्छिद्र बेसॉल्टमध्ये लागले. तीच पद्धत वापरून पाहावी.

प्रश्नकर्ता: पाण्याचा प्रश्न नाही. ऑफसेट ६०० मीटर, जिओफोन १० हर्ट्झचे. रेषेवर बोअरहोल आहे, त्यात बेसॉल्टचा तळ १२० मीटरवर लागतो आणि सोनिक लॉगही (भोकात उपकरण उतरवून मोजलेला खडकातील ध्वनीचा वेग) उपलब्ध आहे.

भूलहरी: मग उत्तर त्या लॉगमध्येच आहे. वेगवान थराखाली मंद थर आला की किरण आणखी खाली वळतो, त्यामुळे मंद थरातून फर्स्ट ब्रेक मिळतच नाही आणि टोमोग्राफी बेसॉल्टचाच वेग खाली ओढत नेते. गॅदरमध्ये परावर्तक खाली झुकणे म्हणजे वापरलेला वेग वाजवीपेक्षा जास्त असणे. १२० मीटरवर सीमा पक्की करा, तिच्याखाली लॉगमधील वेग भरा आणि पुढची दुरुस्ती केवळ परावर्तकांच्या उरलेल्या झुकावावरून करा.

कन्हानकाठ: हे झाल्यावर तरी एफडब्ल्यूआय करावे, असे माझे मत कायम आहे.

सावनेरकर: लॉग वापरण्यापूर्वी चेकशॉटशी (पृष्ठभागावरून सोडलेली लहर भोकातील ठराविक खोलीवर पोहोचण्याच्या मोजलेल्या वेळेशी) ताडून घ्या, भोक ढासळलेले असेल तिथे सोनिकचे वाचन फसवे असते.