शंभर पार्ट्यांचे पासवर्ड: एक्सेल, पासवर्ड मॅनेजर की ब्राउझरचे कप्पे?

कॅनडा कॉर्नरवाला

करसल्लागाराच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. एका पार्टीमागे, म्हणजे ग्राहकामागे, इन्कम टॅक्स, टीडीएससाठी ट्रेसेस, जीएसटी, मालवाहतुकीचं ई-वे बिल, पीएफ, ईएसआयसी, व्यवसाय करासाठी महाजीएसटी, लघुउद्योगाच्या नोंदणीसाठी उद्यम, आणि या सगळ्यांना जोडलेला एक जीमेल. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या शंभरेक कारखान्यांचं काम असेल तर लॉगिन किती झाले ते तुम्हीच मोजा. हे सगळं राहतं कुठे? मी पाहिलेल्या ऑफिसांत ‘पासवर्ड नवीन फायनल’ अशा नावाच्या एक्सेलमध्ये. ती फाइल सामायिक फोल्डरात असते, आणि कालच रुजू झालेल्या पोराच्या हातीही लागते.

माझं मत सरळ आहे. ही एक्सेल बंद करायला हवी आणि तिच्या जागी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाखाली कुलूपबंद ठेवणारं टूल, यायला हवा, सोबत फायरफॉक्सचे कंटेनर. बाकीची टूलं आपल्यासाठी एकतर अपुरी आहेत नाहीतर नको ती भानगड.

क्रोममध्ये पार्टीगणिक प्रोफाइल करून बघा. प्रत्येक प्रोफाइलचा इतिहास, एक्स्टेन्शन, बुकमार्क सगळं वेगळं, त्यामुळे चार-पाच उघडली की जुना पीसी धापा टाकतो. इनकॉग्निटोचा तर अनेकांचा गैरसमज आहे: दोन इनकॉग्निटो खिडक्या उघडल्या तरी दोघींचं सेशन एकच असतं. पहिल्या खिडकीत एका पार्टीचं लॉगिन चालू असताना दुसरीत दुसऱ्या पार्टीचं केलं की गोंधळ झालाच. फायरफॉक्सचे मल्टी-अकाउंट कंटेनर एकाच खिडकीत टॅबांना वेगवेगळे रंग देतात आणि कुकीज, म्हणजे साइटने लॉगिन ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, वेगळ्या ठेवतात. हिरव्या टॅबमध्ये एक पार्टी, निळ्यात दुसरी, दोघींचं जीएसटी शेजारी शेजारी उघडं. फुकट आहे आणि हलकं आहे.

पासवर्ड ठेवायला मी बिटवॉर्डन घेईन. ओपन सोर्स आहे, आणि एकट्याला फुकटात कितीही उपकरणांवर चालतं. ऑफिस म्हणून वापरायचं तर फुकटात दोनच माणसं, पुढे माणशी पैसे. पण कोणाला कोणत्या पार्ट्या दिसाव्यात हे ठरवता येतं, आणि पैसे भरलेल्या योजनेत कोणी काय उघडलं याची नोंदही राहते. एक्सेल हे कधी सांगेल?

आर्टिकलवाली (सीएच्या ऑफिसात उमेदवारी करणारी)

सर, तुमचं सगळं बरोबर, पण ३१ जुलैला एकदा आमच्या टेबलाशी बसा. बिटवॉर्डनचं बटण दाबलं की इन्कम टॅक्सच्या एकाच वेब-पत्त्यावरच्या सगळ्या पार्ट्या रांगेत उभ्या राहतात. शिवाय ते लॉगिन दोन पानांत आहे. आधी पॅन, मग पुढच्या पानावर तो सुरक्षा-संदेशाचा चौकोन टिक करून पासवर्ड. पहिल्या पानावर एक पाटील निवडला आणि दुसऱ्यावर चुकून दुसरा पाटील, की पासवर्ड चुकीचा. पुन्हा केलं तर तीच बोंब. एक्सेलमध्ये कंट्रोल-एफ, कॉपी, पेस्ट, संपलं. जीएसटीचा कॅप्चा तर कोणतंच टूल भरून देत नाही.

आणि कोणी दुसऱ्या पीसीवर तीच पार्टी उघडून बसलं असेल, तर इन्कम टॅक्सचं पोर्टल दुसरं लॉगिन सापडल्याचं सांगतं. मग ऑफिसभर आरडाओरडा, “अहो, कोण बसलंय यांच्यात?” यावर तुमच्या कंटेनरचा काही उपयोग नाही.

कॅनडा कॉर्नरवाला

शेवटचं मान्य, त्यावर उपाय फक्त आरडाओरडा. पाटलांच्या बाबतीत मात्र दोष टूलचा नाही, नोंदीचा आहे. नोंदीच्या नावात पार्टीचं नाव आणि पॅनची शेवटची अक्षरं टाका, रांगेतून निवडू नका, शोधाच्या चौकटीत टाइप करा. तेही कंट्रोल-एफच झालं की. कॉपी-पेस्टचं म्हणाल तर क्लिपबोर्डवर राहिलेला पासवर्ड चुकून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडल्याचं कोणत्या ऑफिसात झालं नाही? बिटवॉर्डनमध्ये ठरावीक सेकंदांनी क्लिपबोर्ड पुसायची सेटिंग आहे, ती चालू करा.

देवळालीकर

सुरक्षेचं काम करतो म्हणून दोन शब्द. क्लाउडवरच्या पासवर्ड मॅनेजरवर एवढा भरवसा टाकण्याआधी २०२२ आठवा. त्या वर्षी लास्टपासमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअप चोरीला गेला. पासवर्ड कूटबद्ध होते, पण साइटचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा त्यांची तिजोरी चोर आपल्या घरी बसून हवा तितका वेळ फोडू शकतो. तुमच्या ऑफिसचा मुख्य पासवर्ड काय आहे ते मी विचारत नाही. फर्मचं नाव आणि पुढे १२३ नसेल अशी आशा.

माझा कौल कीपास या पासवर्ड मॅनेजरला. फुकट आहे, फाइल तुमच्याच मशीनवर, मध्ये कोणाचा सर्व्हर नाही. सामायिक फोल्डरात ठेवली तर दोघांनी एकदम सेव्ह केल्यावर फाइल बदलल्याचं ते सांगतं आणि बदल एकत्र करू का असं विचारतं. तिथे घाईत ‘ओव्हरराइट’ दाबणारा माणूस ऑफिसात नको, एवढंच.

आणि बिटवॉर्डनमध्ये ‘पासवर्ड न दाखवता वापरू द्या’ अशी परवानगी आहे, तिच्यावर विसंबू नका. ब्राउझरने जो पासवर्ड चौकटीत भरला, तो जरा माहितगार पोराला बाहेर काढता येतो. माणूस सोडून गेला की पासवर्ड बदलायचे, याला पर्याय नाही.

जुनं रजिस्टर

अहो, मग लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काय वाईट होतं? लोखंडी कपाट, एक चावी साहेबांकडे, एक माझ्याकडे. परदेशात बसलेल्या चोराला ते रजिस्टर पळवायला आधी नाशिकला यावं लागेल, शालिमारच्या ट्रॅफिकमधून वाट काढत.

देवळालीकर

हसण्यावारी नेऊ नका, एकट्या माणसाच्या घरगुती खात्यांसाठी वही खरंच वाईट नाही. पण ऑफिसात रजिस्टरची एक प्रत होत नाही, पाच होतात, मोबाइलच्या फोटोंत. शिवाय हाताने लिहायचा आणि हाताने टाइप करायचा म्हटलं की पासवर्ड आपोआप सोपा होतो, आणि सगळ्या पार्ट्यांना तोच एक, शेवटी फक्त वर्ष बदललेलं.

सिन्नरचा सीए

मला या सगळ्या खटाटोपाचं कारणच कळत नाही. कॉम्प्युटॅक्स म्हणा, विनमॅन म्हणा, जीनियस म्हणा, रिटर्नच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीचे पासवर्ड साठवता येतात आणि एका क्लिकवर पोर्टलही उघडतं. त्याचे पैसे आपण दरवर्षी भरतोच. वर दुसरं टूल कशाला? माणसं शिकवायची, त्यांचे पैसे भरायचे, आणि दोन ठिकाणचे पासवर्ड जुळवत बसायचं.

कॅनडा कॉर्नरवाला

रिटर्नपुरतं ते उत्तमच, मीही वापरतो. पण पार्टीचा जीमेल, उद्यम, डोमेनचं लॉगिन, हे पुन्हा एक्सेलमध्येच पडून राहतं ना? आणि जीमेल गेला की पासवर्ड रिसेटची वाटच चोराच्या हाती जाते.

गंगापूर रोड डिजिटल

तुम्हा टॅक्सवाल्यांचं सोपं आहे, सरकार तुमचं खातं संशयावरून बंद करत नाही. आम्ही लॉज, वायनरी, येवल्याचे पैठणीवाले यांची पेजेस चालवतो. २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर आहे, त्र्यंबक रोडवरचा जो तो होमस्टेचं पेज काढून मागतोय. एका लॅपटॉपवरून एवढी खाती चालवली की पडताळणीचे फेरे सुरू होतात. म्हणून आमच्या धंद्यात मल्टिलॉगिन, गोलॉगिन, अ‍ॅड्सपॉवर यांसारखे अँटिडिटेक्ट ब्राउझर वापरतात. फायरफॉक्सचे कंटेनर फक्त कुकीज वेगळ्या करतात. स्क्रीनचं माप, फॉन्ट, टाइम झोन, ग्राफिक कार्ड चित्र कसं काढतं, यावरून साइटला मशीन एकच आहे हे कळतंच. अँटिडिटेक्ट प्रत्येक खात्याला वेगळ्या मशीनचा मुखवटा देतो. महाग आहे, पण कामाचा आहे.

कॅनडा कॉर्नरवाला

इथे माझा ठाम विरोध. मुखवटा लागतो कोणाला? जो नाही तो असल्याचं भासवायचं असेल त्याला. तुम्ही तर त्या लॉजवाल्याच्या परवानगीनेच काम करता, मग लपताय कोणापासून? फेसबुकचा नियमच आहे की एका माणसाचं वैयक्तिक खातं एक. पण पेजचा मालक तुमच्या खात्याला पेजवर प्रवेश देऊ शकतो, आणि फेसबुकची पेजेस व इन्स्टाग्राम मेटा बिझनेस सूटमधून फुकटात एकत्र चालतात. गूगलवरच्या लॉजच्या प्रोफाइललाही मालक आणि मॅनेजर अशा वेगळ्या भूमिका आहेत. पासवर्ड घ्यायचाच कशाला?

दुसरं म्हणजे, हे अँटिडिटेक्ट ब्राउझर खात्यांची प्रोफाइल त्यांच्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवतात. त्यात चालू सेशनच्या कुकीज असतात. ज्याच्या हाती कुकी, तो पासवर्डशिवाय आत. पार्टीच्या धंद्याची किल्ली तुम्ही तिला न सांगता तिसऱ्याच्या हवाली करताय.

गंगापूर रोड डिजिटल

पुस्तकात छान वाटतं. लॉजच्या मालकाला ‘भूमिका द्या’ म्हटलं की तो म्हणतो, “मला कळत नाही, हा घ्या मोबाइल, काय ते करून घ्या.” कित्येक पेजेस त्याच्या पुतण्याच्या खात्यावर उघडलेली असतात आणि पुतण्या आता पुण्यात. तिथे भूमिका कोण कोणाला देणार? शिवाय पोस्ट आधीच लावून ठेवायच्या टूलांचं फुकट प्रकरणही आटत चाललंय. हूटसूटने फुकट योजना २०२३ मध्ये बंद केली, बफर फुकटात तीनच चॅनेल देतं. लहान एजन्सीने काय करायचं?

अँटिडिटेक्टचा गैरवापर होतो हे मान्य. म्हणून वापरणारा प्रत्येक जण चोर ठरत नाही.

देवळालीकर

चोर कोणी म्हणत नाही. पण पडताळणी आली की ती पार्टीच्या मोबाइलवर पूर्ण करून घेणं हा सरळ रस्ता आहे. मुखवटा पकडला गेला तर पेज तुमचं नाही, त्या लॉजवाल्याचं जातं, आणि तेही ऐन सिंहस्थात. सिमकार्डांचंही तेच. प्रत्येक खात्याला नवा नंबर काढत बसाल तर एका माणसाच्या नावावर ९ ची मर्यादा आहे, आणि तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. मग पुढचे नंबर कोणाच्या नावावर निघतात, हा प्रश्न येतोच.

अंबडचा कारखानदार

इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी तुमच्या भाषेतली ‘पार्टी’. तुम्ही माझ्या पासवर्डवरून भांडताय आणि मला कोणी विचारतच नाही.

ई-वे बिलाला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना ओटीपीसह लॉगिन सक्तीचं झालं. पहिले आठ दिवस डिस्पॅचवाला दर गाडीला मला फोन करायचा. मग कळलं की सब-युजर काढता येतात, प्रत्येकाचा नंबर वेगळा, ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. एनआयसी-जीएसटी-शील्ड हे अ‍ॅप टाकलं तर एसएमएसचीही वाट बघायला नको. हे मला माझ्या सल्लागाराने सांगितलं नाही, शेजारच्या गाळेवाल्याने सांगितलं.

आता मोठी तक्रार. आधीच्या एका ऑफिसने जीएसटी नोंदणी करताना मोबाइल आणि ईमेल त्यांचाच टाकला होता. काम काढून घेतलं, तर पासवर्ड रिसेटचा ओटीपी त्यांच्याकडे. ते फोन उचलेनात. शेवटी कागदपत्रं घेऊन जीएसटी अधिकाऱ्यापुढे उभं राहिलो, तेव्हा त्यांनी ईमेल-मोबाइल बदलून दिला. तोवर रिटर्न अडकलं आणि विलंब शुल्क मी भरलं. तुमचं बिटवॉर्डन असो की कीपास, नंबर तुमचा असेल तर मालक तुम्हीच.

आणि माझं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, डोंगल तुमच्या ड्रॉवरमध्ये का असतं, नावाची पट्टी चिकटवून?

देवळालीकर

या शेवटच्या प्रश्नाला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये उत्तर आहे. कलम ४२ म्हणतं, ज्याची सही त्याने खाजगी की आपल्या ताब्यात राहील याची काळजी घ्यायची. ड्रॉवरमधली डोंगलं आणि त्यांवर चिकटवलेला पिन म्हणजे ताबा सोडल्यातच जमा. तुमच्या नावाने कशावर सही झाली तर ती तुमचीच धरली जाईल, आणि आपण केली नाही हे पटवताना नाकी नऊ येतील. यापुढे पासवर्ड मॅनेजरचं भांडण फारच किरकोळ आहे.

सिन्नरचा सीए

डोंगल घरी ठेवा म्हटलं तर पार्टीच म्हणते, “राहू द्या तुमच्याकडेच, हरवेल.” दोष एकट्या ऑफिसांवर ढकलू नका. आणि २० तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं तेव्हा हेच कारखानदार ओटीपी सांगायला फोन उचलत नाहीत, म्हणून ऑफिसं आपला नंबर टाकतात.

कॅनडा कॉर्नरवाला

सिन्नरकरांचं कारण खरं आहे, पण ते कारण आहे, समर्थन नाही. आम्ही नंबर आणि ईमेल पार्टीचाच ठेवतो. इन्कम टॅक्सवर सीए जोडायची सोय आहे, ई-वे बिलावर सब-युजर आहेत, जिथे पोर्टल अशी वाट देतं तिथे आधी ती घ्यायची. जिथे देत नाही तेवढ्याच लॉगिनसाठी पासवर्ड मॅनेजर. यात कीपास घेतलं तरी माझी हरकत नाही, फक्त तिघांहून जास्त माणसं असतील तर ते ‘ओव्हरराइट’ दाबणारं बोट कधीतरी सापडतंच. डोंगलं या महिन्यात परत करतो, पार्टीची सही घेऊन.

अंबडचा कारखानदार

डोंगल घ्यायला मी स्वतः येतो. नंबर माझाच राहील. फक्त ओटीपी सकाळी दहाच्या आधी मागू नका, त्या वेळी शॉप फ्लोअरवर असतो, फोन ऐकू येत नाही.

कॅनडा कॉर्नरवाला

चालेल. २० तारखेला तेवढा व्हायब्रेटवर खिशात ठेवा.