दुसरा कुत्रा आणण्याआधी हे करून बघा

तुम्ही बाहेर गेलात की तुमचा कुत्रा मोती घरात एकटा रडतो, चपला फाडतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर वर दोघातिघांनी "सोबतीला आणखी एक कुत्रा आणा" असं सुचवलंय, ते मला पटत नाही. मोती तुमच्यासाठी रडतोय; दुसरा आला तर कदाचित दोघं मिळून सोसायटी डोक्यावर घेतील!

इतके दिवस तुमचं घरून काम आणि आता अचानक दिवसभर कुलूप, म्हणून बिथरलाय. चपला फाडणं हा सूड नव्हे. संध्याकाळी आल्यावर ओरडलात, तर कशाबद्दल ते त्याला कळणारही नाही.

सुरुवात किल्ल्यांपासून करा. दिवसातून पाच-सहा वेळा किल्ल्या उचला, बूट घाला आणि चक्क सोफ्यावर बसून चहा प्या. त्याने मान वर करणं सोडलं की दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन, मग दहा. कुंईकुंई सुरू झाली तर वेळ पुन्हा कमी करा. निघताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून, फ्रीजरमध्ये घट्ट करून द्या (फोडणी, कांदा-लसूण अजिबात नको). जेवणाच्या नि फिरण्याच्या वेळा रविवारीही त्याच.

जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जा. नखं रक्ताळेपर्यंत दार ओरबाडत असेल किंवा सतत लाळ गळत असेल, तर थेट व्हेटकडे न्या. यावर औषधं आहेत.