मदत हवी आहे : एजन्सीकडून येणाऱ्या बाईंना थेट आपल्याकडे ठेवायचं आहे, रीत काय? (इंदूर)

निंबाची_सावली
राजेंद्र नगर, इंदूर. झाडू-पोछा आणि दोन बाथरूम, रोजचे दोन तास, रविवार सुट्टी. एजन्सीला महिन्याला 6500 जातात, बाईंच्या हातात 4500 पडतात. आता बाईच म्हणाल्या, "दीदी, सीधे रख लो ना." करार बारा महिन्यांचा, त्यातले दहा झालेत. त्यात एक कलम आहे : करार चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने एजन्सीची माणसं परस्पर ठेवायची नाहीत, ठेवली तर एका महिन्याची रक्कम भरायची. बाईंना चार पैसे जास्त मिळावेत असं मनापासून वाटतं, पण एजन्सीच्या पाठीमागे काही करायचं नाही. कोणाशी आधी बोलायचं, पगार किती ठरवायचा आणि नंतर काय काय आपल्या अंगावर येतं, जाणकारांनी सांगावं.

रामबागकर
ताई, करार नंतर वाचू. आधी बाईंना एवढंच विचारा की त्यांची बाकीची घरं कोणी लावून दिली आहेत. आणखी दोन घरं एजन्सीचीच असतील आणि तुम्ही त्यांना काढून घेतलंत, तर ती दोन्ही घरं दुसऱ्या बाईला जाऊ शकतात. तुमच्याकडे हजार वाढले आणि तिकडचे नऊ हजार गेले! हे फसतं ते बहुतेक इथेच.

मग त्यांचं एजन्सीकडे काय अडकलंय ते बघा : मूळ आधार कार्ड, गणवेशाची अनामत, मागे ठेवलेला पहिला पगार, घेतलेली उचल. याचा हिशेब लागेपर्यंत त्यांनी काम सोडायचा विषय काढू नये. मूळ आधार अडवून ठेवायचा अधिकार एजन्सीला नाही, ते मागून घ्यायचंच.

आता कलम. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे, एजन्सी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही अशी अट बाईंवर लादता येत नाही. पण पैसे भरायचं कबूल तुम्ही केलंय, ते वेगळं. त्यात कलम 74 लागतं : लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. तरी माझं मत, घासाघीस करू नका. माणूस त्यांनी शोधला, पडताळणी त्यांनी केली, सुट्टीला बदली बाई त्यांनी पाठवली. बाईंना 5500 द्या. तुमचे महिन्याला 1000 वाचतात, साडेसहा महिन्यांत 6500 भरून निघतात. ही रक्कम बाईंच्या पगारातून कापायची नाही, हप्त्यानेही नाही.

तुळशीकट्टा
वरच्याशी सहमत. नंतरच्या कामांबद्दल लिहिते.

गेटच्या अॅपमध्ये बाईंचा पास एजन्सीने काढलेला असेल, तर त्यांनी नाव काढलं की गार्ड आत सोडत नाही. सकाळी आठ वाजता बाई डबा हातात धरून गेटवर उभ्या राहतात, आणि येणारा-जाणारा विचारतो, काय झालं, काही चोरलं का? म्हणून तुमच्या फ्लॅटच्या नावाचा पास आदल्या संध्याकाळीच करा आणि गार्डला स्वतः जाऊन सांगा.

पोलीस पडताळणी तुमच्या नावाने नव्याने करायची. मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर किंवा ठाण्यात. आधारची झेरॉक्स, फोटो, गावाकडचा पत्ता तयार ठेवा.

बदली बाई आता येणार नाही. रविवार सोडून महिन्याला दोन पगारी सुट्ट्या, रंगपंचमीच्या गेरला (मिरवणुकीला) सुट्टी, दिवाळीचा बोनस, पाहुणे आले तर जादा कामाचे किती, हे पहिल्या दिवशीच बोला आणि वहीत लिहा. पगार 1 तारखेला, शक्यतो खात्यात. त्याच खात्यावर बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेता येतो : वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70. ते 20 रुपये तुम्ही भरा.

एजन्सीचा पोछा आणि औषधं परत जातील. बाथरूमला अॅसिड आणि ब्लीचिंग एकापाठोपाठ वापरू देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, छोट्या बाथरूममध्ये जीव घुसमटतो. हातमोजे आपण आणून द्यायचे.

निंबाची_सावली
खूप आभार. फोन सुपरवायझरला करू की मालकांना?

रामबागकर
मालकांनाच. सुपरवायझरला कळलं की तो आधी बाईंना फोन लावतो आणि त्या घाबरतात. विषय कोणी काढला हे सांगत बसू नका, "आम्हाला यांना ठेवायचं आहे" एवढंच. फोन झाला की लगेच व्हॉट्सअॅप करा :

"करार संपल्यानंतर या बाईंना थेट कामावर ठेवायची इच्छा आहे. करारातली 6500 ची रक्कम भरायला तयार आहोत. त्यांचा पूर्ण पगार, अनामत आणि कागद परत मिळाले की त्याच दिवशी पाठवतो. पावती आणि 'हिशेब चुकता' असं लेखी द्यावं."

निंबाची_सावली
आत्ताच बाईंना विचारलं. एक घर एजन्सीचं, दोन त्यांनी स्वतः धरलेली.

रामबागकर
म्हणजे 4500 धोक्यात आहेत. ते घर चालू राहील का, हे मालकांना त्याच फोनवर विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या. नाही म्हणाले, तर बाईंना ते जसंच्या तसं सांगा. घरी विचारून यायला दोन दिवस द्या. तोवर मालकांना होकार कळवू नका, वरचा मेसेजही थांबवा.